शून्य येईपर्यंत

रविवार, सकाळी सात. आसगावातल्या बंगल्याचं फाटक
एस्पेरांसा उघडते आणि म्हणते, आज बघच तू.
रात्री अकरा जणं होती आत.
टब सहा जणांचा.

झाकण उचलून मी आधी नाक पुढे करतो.
वास आहे.
पाहुण्यांना वाटतं, हा वास म्हणजेच स्वच्छता.
नव्हे हो. हे दमलेलं क्लोरीन,
रात्रभर घामाशी, तेलाशी, बिअरच्या शिंतोड्यांशी झुंजून
तिथंच पडून राहिलेलं.
चांगल्या पाण्याला सांगण्यासारखा वासच नसतो.

मग पट्टी. बुडवायची, काढायची, झटकायची नाही.
उन्हाकडे पाठ करून रंग जुळवायचे डब्यावरच्या रंगांशी.
सात-दोन ते सात-आठ, एवढ्याच पायरीवर
पाणी कुणाला चावत नाही
आणि हीटरलाही खात नाही.

पहिल्या वर्षी मी टब विहिरीच्या पाण्यानं भरला होता.
काचेसारखं पाणी. क्लोरीन टाकलं
आणि बघता बघता त्याचा कोरा चहा झाला.
गुडगावहून मालकाचा फोन : काय मिसळलंस?
काही नाही, साहेब. आमची जमीनच चिऱ्याची,
लोखंड पाण्यात गुपचूप बसलेलं असतं,
क्लोरीननं त्याला फक्त बोलतं केलं.
त्यांनी पगारातून टँकरचे पैसे कापले.

फिल्टर लुगड्यासारखा, निऱ्यानिऱ्यांचा.
एकेक निरी बोटानं उघडून तिरकी धार सोडायची.
आज निघालं : एक कानातलं, मुंग्या,
कुणाचे तरी जांभळे रंगवलेले केस.
कानातलं एस्पेरांसाच्या खिडकीत ठेवलं. न्यायला कुणी येत नाही.

पण खरा मळ दिसत नाही. तो पायपांच्या आत
बुळबुळीत अस्तर होऊन राहतो,
औषध घालून जेट सुरू केले की
करड्या पापुद्र्यांनी वर येतो, फेसासकट.
वीज जाते त्या रात्री त्याची दिवाळी :
पंप बंद, कोमट पाणी झाकणाखाली गप्प.
गप्प पाण्याचा मला भरवसा नाही.

पावडर पाण्यात. पाणी पावडरीत कधीच नाही.
मिंगेलला मी हे तीनदा सांगितलं.
चौथ्यांदा सांगावं लागलं नाही,
त्याची डावी भुवई अजून पुरती आलेली नाही.

बाबा कामुर्लीला मानशीवर होते.
मानस म्हणजे मन नव्हे, खाजनाच्या बांधातलं लाकडी दार,
भरतीला मिटणारं, ओहोटीला उघडणारं.
त्यांच्याकडे पट्टी नव्हती.
बोट बुडवून जिभेला लावत आणि सांगत, खार किती चढला.
एका पावसाळ्यात फळी कुजलेली दिसली नाही त्यांना,
तीन वर्षं त्या शेतात भात झाला नाही.
त्यावर ते बोलत नसत.
फक्त फळ्या ठोकून बघत, गरज नसतानाही.

हे पाणी आता काढायलाच हवं.
मालक म्हणतात, सोड गटारात.
गटार खालच्या शेताला मिळतं, हे गुडगावहून दिसत नाही.
मी पुन्हा काही टाकत नाही. झाकण काढून ठेवतो.
ऊन क्लोरीन पिऊन टाकतं, सावकाश, घोट घोट.
सोमवारी पट्टी फिकी जांभळी.
मंगळवारी दुपारी पांढरी.
महिनाभर ज्या शून्याची भीती बाळगायची
त्याच शून्याची दोन दिवस वाट पाहायची.

एस्पेरांसा वाफ्याशी उभी, फ्रॉकचा घोळ मुठीत धरून.
तांबडी भाजी नुकती वीतभर वर आलीय.
मरणार नाही ना रे?

मी बोट बुडवलं, जिभेपर्यंत नेलं,
आणि मला ती अकरा जणं आठवली.

शर्टाला बोट पुसलं.
दुसरी पट्टी काढली, बुडवली,
पंधरापर्यंत मोजलं,
मग नळीचं तोंड वाफ्याकडे वळवून व्हॉल्व्ह उघडला,
अर्धाच.